पोळ्याच्या दिवशी हरणांच्या कुंपणात

मुलांनो, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही, अगदी ते जाईपर्यंत.

पिंपरीचा कारखाना तेव्हा नवा होता, आमची वसाहत त्याहून नवी. तिथल्या बागेत सहा चितळं आणली होती, त्यांतली दोन पाडसं. इंग्रजी पुस्तकं वाचून व्यवस्था लावील अशी मी एकटीच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. कुंपणाला मी दोन दारं करून घेतली. दोन्हींच्या मध्ये फिनेलच्या पाण्याचा उथळ चर, गुरांचा रोग आत येऊ नये म्हणून. पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही. गुरांना हात लावला असेल तर मुळीच नाही. नियम मीच टाइप करून दारावर लावला. कुंपण मात्र गावाच्या गाडीवाटेला खेटून घातलं — हरणं लोकांना दिसावीत म्हणून.

गेनबा तिथला राखणदार. त्याची जमीन कारखान्यात गेली होती. बदल्यात मिळाली ती ही नोकरी, दुसरं काही नाही. तो म्हणायचा, "बाई, ही गुरांची वाट. लाळ-खुरकत आली म्हंजी तुमचा कागुद आडवा पडणार हाय का?" मी हसायचे. शिकलेली माणसं हसतात तसं.

मग पोळा आला; तिकडे तो भाद्रपदात असतो. शिंगं रंगवलेले बैल वसाहतीच्या फाटकाशी आले, आम्ही बायकांनी ओवाळलं, पुरणपोळी भरवली. एका बैलाच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. गेनबा मागून म्हणाला, "बाई, त्येला हात लावू नगा." पण ओवाळलेल्या बैलाला उपाशी कसं पाठवायचं? त्यानं घास घेतला, माझा तळवा चाटला. अर्धी पोळी उरली.

ती मी पाडसांना दिली. त्याच हातांनी, कुंपणात जाऊन. चरात पाय घातले नाहीत — पातळ नवं होतं. गेनबा बघत होता. तो मला काय बोलणार?

चौथ्या दिवशी चितळं लंगडू लागली. जिभांवर फोड, खुरांच्या बेचक्यांत जखमा. मोठी जगली. दोन्ही पाडसं उभ्याउभ्या कोसळली.

चौकशीला कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. साहेबांनी विचारलं, आत कोण गेलं? गेनबानं माझं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाला, "बाईस्नी इचारा. बाई खोटं न्हाई बोलायच्या."

आणि मी — हेही लिहितेच — मी म्हणाले, गेनबाच्या घरी गुरं आहेत, आणि तो पाय न बुडवता आत जातो. शुद्ध इंग्रजीत म्हणाले. त्याला कळू नये म्हणून? कदाचित. पण माणसाला आपलं नाव तर कळतंच ना?

त्याच दिवशी त्याला काढलं. साहेबांनी माझ्या दक्षतेचं कौतुक केलं, आणि मी ते घेतलं.

काही वर्षांनी चिंचवडच्या बाजारात तो भेटला. डोक्यावर दुसऱ्याच्या मालाची पाटी होती. त्यानं पाटी उतरवली, मला वाट दिली आणि विचारलं, "बाई, बऱ्या हायसा नव्हं?"

आसपास ओळखीचं कुणी नव्हतं. तेव्हा बोलता आलं असतं.

मी म्हटलं, "बरी आहे," आणि मेथीची जुडी निवडू लागले.