जगनशेठची बंदूक आणि रंगाचे थर

जगनशेठची ओळख दुसऱ्या कुणी करून द्यावी लागत नाही. ती ते स्वतःच करून देतात, आणि समोरच्याने विचारायच्या आधी. तरुणपणी बापाबरोबर मिठागरात राबलेला हा माणूस. पुढे सरकारने जमीन घेतली, बदल्यात प्लॉट मिळाला, कामोठ्यात तीन मजली इमारत उभी राहिली. तिच्या तळमजल्यावर माझा गणिताचा क्लास आहे, म्हणजे ते माझे घरमालक. घरमालक असूनही हा माणूस मला आवडतो, आणि हे मी सहसा कुणाबद्दल म्हणत नाही.

दोष एकच, फेकाफेक. तिचा मुख्य विषय म्हणजे देवघराच्या वर खुंटीला टांगलेली जुनी बंदूक. त्यांच्या पणजोबांना ती कुणा गोऱ्या साहेबाने दिलेली. "माझं लगीन झाल्यावर लोहाराकडनं नीट करून घेतली, आन् आपटा गावच्या रानात डुक्कर पाडला. एका गोलीत!" मी क्लास सुरू केला तेव्हा हा डुक्कर शेळीएवढा होता. आता तो म्हशीच्या पुढे गेलाय.

कुणाचं काही बिघडत नव्हतं, म्हणून सगळे माना डोलवायचे. पण पुतण्याच्या हळदीला घोटाळा झाला. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा. डीजे लागला, जगनशेठना अवसान चढलं. खुंटीवरची बंदूक खांद्यावर घेऊन ते नाचले आणि कुणीतरी मोबाइल पुढे धरताच गरजले, "अजून उडते ही! याच हातानं डुक्कर पाडलाय!" दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ उलव्यापासून उरणपर्यंत पोचला. तिथून पोलिसांपर्यंत पोचायला कितीसा वेळ?

नेमकी तेव्हाच भाविकाची नोकरीची वेळ आली होती. भाविका ही त्यांची नात. तिचा बाप लवकर गेला, आई त्याही आधी, तेव्हापासून आजोबांनीच वाढवलेली. नव्या विमानतळावर तिला सुरक्षा विभागात नोकरी लागली होती, फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. आणि पोलीस ठाण्यातून फोन आला: बंदूक घेऊन या, लायसन असेल तर तेही आणा. लायसन कुठलं? ज्या घरात ती राहते त्याच घरात बेकायदा हत्यार निघालं, तर विमानतळाच्या सुरक्षेत तिला कोण घेणार?

जगनशेठचं तोंड बंद झालं. जेवण सुटलं. शेवटी माझ्याकडे येऊन म्हणाले, "मास्तर, तुमी चला संगती. तुमाला बोलता येतं." जगनशेठ दुसऱ्याला बोलायला नेतात, म्हणजे पाणी कुठवर आलं होतं बघा.

ठाण्यात इन्स्पेक्टर साहेबांनी हसनभाईंना बोलावून ठेवलं होतं. पनवेलमध्ये हसनभाईंच्या घराण्याचं बंदुकांचं परवानाधारक दुकान होतं. दुकान बंद झालं तरी जुनं हत्यार सापडलं की पोलीस अजून त्यांनाच विचारतात. जगनशेठनी चादरीची घडी सोडली, आणि हसनभाईंनी कपाळाला हात लावला. बंदूक खिडकीच्या ग्रिलसारखी चंदेरी चकाकत होती.

"या अल्लाह! जगनशेठ, हिला रंग कुणी फासला?"

"घरात लगीन असलं का घराला रंग देतो, तवा हिला बी देतो. देवाजवलची हाय ना."

साहेबांनी मुद्द्याचं सांगितलं. बंदूक खरोखर जुनी असेल आणि दुरुस्त करूनही चालण्यासारखी नसेल, तर प्रश्न मिटला. पण मध्ये कुणी तिच्यात फेरफार करून ती वापरात आणली असेल, तर गुन्हा दाखल करावा लागेल. आमच्याबरोबर आलेली भाविका माझ्या शेजारी बसली होती. तिने ओढणीचं टोक बोटाला गच्च गुंडाळलं होतं.

हसनभाईंनी कापूस थिनरमध्ये बुडवला आणि नळीच्या खालच्या बाजूचा थोडासा रंग पुसला. बारीक विलायती शिक्के दिसले. "या खुणा काडतुसात काळी दारू भरायचे त्या जमान्यातल्या. सव्वाशे वर्षं तरी झाली असतील." मग त्यांनी काडतूस भरायची जागा उघडली. दर दसऱ्याला जगनशेठ तिथे तेल घालायचे, म्हणून ती कुरकुरत का होईना, उघडली. "हिचा गोळी पेटवणारा खिळा काडतुसाच्या कडेवर आपटतो, मधोमध नाही. हिच्या मापाची काडतुसं बनायची कधीच बंद झाली. पण लोक शातिर असतात. आत बारीक नळी बसवतात, मग आजची छोटी गोळी चालते." त्यांनी नळीच्या तोंडाशी टॉर्च धरला. आत दुसरी नळी बसवली असती, तर तिथे जोडाचं कडं दिसलं असतं. ते नव्हतं. नळीवरचा आणि मागच्या भागावरचा नंबरही एकच निघाला.

"मूळची आहे तशीच आहे," हसनभाई म्हणाले. "खिळ्याचं टोक मात्र तुटलंय."

"ते आता तुटलं असेल," साहेब म्हणाले. "आजोबा तर स्वतःच सांगतायत, लग्नानंतर दुरुस्त केली, डुक्कर मारला."

सगळे जगनशेठकडे बघायला लागले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला बोलता येतं म्हणून नेलं होतं, आणि मी हसनभाईंकडे बघितलं.

हसनभाईंनी खिळा धरून ठेवणारा स्क्रू शोधला आणि त्याच्यावरचा रंग पातीने हळूहळू खरवडला. वर चंदेरी, खाली निळा, त्याच्या खाली होडीला देतात तसला हिरवा. "हा हिरवा कधीचा?"

"बापानं दिलेला. माझ्या लग्नात."

हिरवा थर स्क्रूच्या खाचेवरून आणि कडेवरून सलग गेला होता, कुठेही चीर नाही. हसनभाई भिंग साहेबांच्या हातात देत म्हणाले, "हा स्क्रू काढल्याशिवाय खिळा निघत नाही, आणि स्क्रू फिरवला असता तर हा थर फुटला असता. यांच्या लग्नानंतर ही बंदूक कुणी खोललेलीच नाही, जनाब. शिवाय मिठागराच्या हवेनं नळी मागून खाल्लीय, आरपार भोक आहे. आता कुणाच्या बापाकडून उडणार नाही."

साहेबांनी भिंगातून बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "आणि डुक्कर?"

जगनशेठ नातीसमोर मान खाली घालून उभे राहिले. "गाडीखाली आलेला, साहेब. गोवा रोडला. मी नुस्ता बघाया गेल्तो." मग म्हणाले, "ही मी कदीच उडवली नाय. मला उडवता बी येत नाय."

साहेब हसले. हसनभाईंचा अहवाल येईपर्यंत बंदूक ठाण्यात राहील, गुन्हा काही होत नाही, मुलीच्या पडताळणीत याचा उल्लेख येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. भाविकाने ओढणी सोडली, तेव्हा तिचं बोट पांढरं पडलेलं मला दिसलं.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. जगनशेठ कपाकडे बघत म्हणाले, "सगल्यांसमोर खोटा पडलो. तुज्यासमोर पन."

"मला पाचवीपासून माहीत होतं, आजोबा," भाविका म्हणाली.

"मंग बोलली का नायस?"

"बाबा गेल्यावर मला झोप लागायची नाही. तुम्ही शेजारी बसून तेच सांगायचात. डुक्कर मेला की मला वाटायचं, आता आपल्याला कुणी काही करू शकत नाही. मग झोप यायची."

जगनशेठनी कप बाकावर ठेवला. "लय घाबरलो व्हतो गो पोरी," ते म्हणाले. "तवा बी, आन् आज बी." आणि भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, नातीच्या खांद्यावर डोकं ठेवून ते ढसाढसा रडले.