सुकडीचा वाटा

सुकडी शाळेतच खायची, घरी न्यायची नाही, असा नियम होता. दुष्काळाची ती वर्षं. आमचं गाव नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात. नगरहून ट्रकने पोती यायची. भाजलेलं पीठ, गूळ आणि तेल यांचं ते भुरभुरीत, गोड खाणं आम्ही त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दुपारच्या सुट्टीत गुरुजी हजेरी घेत आणि ज्याचं नाव पटावर असेल त्याच्या ताटलीत एक वाटी सुकडी टाकत. आम्ही ओट्यावर रांगेत बसून ती त्यांच्यासमोर संपवायची.

माझ्या बहिणीचं नाव पटावर नव्हतं. तिला नुकतं चौथं सरलं होतं. वडील उसतोडीला कारखान्याकडे गेलेले, आई दुष्काळी कामावर खडी फोडायला. खडीच्या कपच्या उडतात म्हणून मुकादम लहान पोरांना तिथे थांबू देत नसे. म्हणून आई रोज सकाळी तिचा हात माझ्या हातात द्यायची आणि सांगायची, "तुझ्यातलं अर्धं दे तिला."

मी "व्हय" म्हणायचो.

सुरुवातीला मी अर्धं दिलंही. सगळ्यांच्या नकळत सुकडी सदऱ्याच्या खिशात टाकायची आणि सुट्टी संपायच्या आत शाळेच्या मागच्या भिंतीकडे जाऊन तिला द्यायची. गुरुजींना हे दिसत असणार, पण ते कधी बोलले नाहीत. मग खिशात टाकायची मूठ हळूहळू लहान होत गेली. मी तसं ठरवलं नव्हतं. पण ताटली हातात आली की पहिला घास, दुसरा घास, आणि मग आठवायचं की अरे, हिचं राहिलं. ती तळहात चाटून विचारायची, "संपली?" मी म्हणायचो, "संपली." भूक मलाही होती, हे खरं. तिलाही होती, आणि ती माझ्याहून लहान होती. हे मी इतक्या वर्षांत स्वतःला अनेक तऱ्हांनी समजावून पाहिलं, पण समजूत पटत नाही. बहिणीला आता त्यातलं काहीच आठवत नाही. आठवत नाही याचंही मला बरं वाटत नाही.

त्या दिवसांत माझं डोकं एका जागी राहायचं नाही. पाढे म्हणताना नजर दाराकडे. उंबऱ्याबाहेर ती बसलेली असायची, मातीत रेघोट्या ओढत. पोतं संपलं तर? ही मध्येच रडली आणि गुरुजींनी दोघांनाही घरी पाठवलं तर? आमच्या वर्गातली पोरं तिला 'बिनहजेरीची' म्हणायची. "ए बिनहजेरीचे, हजर म्हण, हजर," असं कुणी ओरडलं की ती खरोखरच "हजर" म्हणायची आणि सगळे हसायचे.

यातून सुटायचा एकच मार्ग मला दिसत होता. तिचं नाव पटावर घालायचं. मग तिची वाटी तिला, माझी मला. आमच्याकडे जन्माची नोंद वगैरे कुणाची नसे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की मूल सहा वर्षांचं समजायचं आणि नाव घालायचं, अशी रीत होती. मी रोज संध्याकाळी तिला अंगणात उभी करायचो आणि तिचा हात डोक्यावरून ओढायचो. ती कळवळली की सोडायचो, परत ओढायचो. आई चुलीपाशी बसून ते बघायची. एकदा शेजारणीला म्हणाली, "बहिनीची लई काळजी हाय त्याला." मी मान खाली घातली आणि पुन्हा तिचा हात धरला.

एके दिवशी मान जरा वाकडी केल्यावर तिची बोटं कानाच्या पाळीला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला गुरुजींसमोर उभी केली.

"कितवं लागलं हिला?"

"सातवं, गुरुजी."

"मग तुला बाविसावं लागलं असेल. लग्नाचं बघायला पाहिजे."

पोरं हसली. गुरुजींनी तिला हात वर न्यायला सांगितलं. तिने शिकवल्याप्रमाणे नेला.

"मान सरळ ठेव, बाळा."

मान सरळ झाली आणि कान निसटला. बोटं केसांतच राहिली. तिने परत केलं. परत तसंच.

"गुरुजी, तिचा कान थोडा वर सरकवा," मागून एकजण म्हणाला. सगळे हसले म्हणून तीही हसली.

गुरुजींनी तिचा हात खाली घेतला. मला म्हणाले, "साहेब येतात, पोरं बघतात, वयं बघतात. उद्या सगळ्यांचीच सुकडी बंद झाली तर कुणाला तोंड दाखवू? पुढच्या वर्षी आण." मग म्हणाले, "आणि ते भिंतीमागं जाणं बंद. आजपासून दोघं इथंच बसायचं, माझ्यासमोर, एका ताटलीत."

दुपारी आम्ही रांगेच्या शेवटी बसलो. गुरुजींनी ताटलीत नेहमीची वाटी टाकली आणि ते पुढे गेले. मी हात घालायच्या आत बहिणीने बोटाने सुकडीत रेघ ओढली. रेघ मधोमध नव्हती, पार तिच्या कडेला होती. रेघेच्या अलीकडे माझ्या मुठीत मावेल एवढं तिने स्वतःकडे ओढलं, माझा ढीग तळहाताने नीट थोपटला आणि म्हणाली, "घे दादा, तुझी."

गुरुजी मागे वळले होते. ते जवळ येऊन उभे राहिले.

"अर्धी अर्धी करायची, बाळा."

"अर्धीच हाय," ती म्हणाली. "दादा रोज एवढीच देतो अर्धी."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छडीची वाट पाहिली. त्यांनी छडी उचलली नाही. ते उकिडवे बसले, आपल्या बोटाने ती रेघ पुसली, मधोमध दुसरी ओढली आणि उठून गेले.

बहिणीला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. आपल्या बाजूच्या ढिगाकडे ती बघत राहिली. "दादा, एवढी माझी?"

"खा," मी म्हणालो.

ती हळूहळू खात होती. इतकं खायची तिला सवय उरली नव्हती. थोडी राहिली तेव्हा तिने ती रेघेवरून माझ्याकडे सरकवली. गुरुजी तेव्हा पाठमोरे होते, पोत्याचं तोंड बांधत होते. तिला मी "राहू दे, थोड्या वेळाने खा" म्हणू शकलो असतो. मी म्हणालो नाही. मी ती सुकडी खाल्ली.