बरणीखालचा पेपर

हॉस्पिटलातून फोन आला, "मावशी गेल्या." माझ्या तोंडून निघालं, "नीट बघितलंत ना?" हा प्रश्न माझा नव्हे, मावशीचा. जूचंद्रची ही माझी मावशी सरळ सांगितलेलं कधी सरळ मानायचीच नाही. कोळणीच्या ताज्या बोंबलांवर तिचा विश्वास नसे आणि डॉक्टरांवर तर त्याहून कमी.

मूत्रपिंडं निकामी झाल्यावर तिचं डायलिसिस घरीच सुरू झालं. नळीने पोटात औषधी पाणी सोडायचं, काही तासांनी पिशवीत काढायचं, दिवसातून चारदा. वसईच्या क्लिनिकमधल्या सिस्टरने शिकवलं होतं : भरलेली पिशवी पेपरवर ठेवा, आरपार अक्षरं वाचता आली तर ठीक, पाणी गढूळ दिसलं तर तडक निघून या. मावशी नुसतं बघून थांबते कसली! पिशवीतून राशिभविष्य मोठ्याने वाचायची आणि त्यावरही संशय घ्यायची.

तिला विरारच्या क्लिनिकात मी हलवलं. तिथं घरी न्यायला मशीन मिळत होतं, रात्री झोपेतच सगळं उरकणारं. तिची दगदग वाचेल, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर नालासोपाऱ्याहून रोज पिशव्या बदलायला जाऊन मीच कंटाळलो होतो... मशीनची नळी थेट मोरीत सोडलेली. "पानी परस्पर जातं, मना दिसत नाय. काय लपवतंय यो मशीन?" मी हसलो. तिने लोणच्याची काचेची बरणी घासून नळीखाली लावली. सकाळी ती भरलेली बरणी पेपरवर ठेवायची.

एका मंगळवारी तिचा फोन आला. "बाला, बरणीतून अक्षरं दिसत नाय रं."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल. रविवारी जाऊ."

"बरं," म्हणाली. ती इतक्या पटकन मानते, इथेच मला खटकायला हवं होतं.

शुक्रवारी तापाने फणफणली. पोटात जंतुसंसर्ग. हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या तिने वर टांगलेल्या सलाइनवरची बारीक तारीख वाचली, "बराबर हाय." डोळे ठणठणीत होते. मला तिथे उभं राहवेना.

"आधी आणलं असतं तरी वाचल्या असत्याच, असं सांगता आलं नसतं," असं डॉक्टर म्हणतात. माझा विश्वास नाही. तिने पाण्यावर संशय घेतला, मी तिच्या डोळ्यांवर.

महिना झाला. मशीन परत गेलं, बरणी मोरीतच आहे. परवा मी ती नळाच्या पाण्याने भरली, पेपरवर ठेवली आणि मावशीची रास शोधली. प्रकृती उत्तम राहील, असं लिहिलं होतं. अक्षर न् अक्षर स्पष्ट दिसत होतं.