आमी नुसती मशेरी लावतो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

कर्करोगाच्या पाहणीसाठी मी पळसदरीत घरोघर फिरायचो. तिथली एक मावशी चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. उंबऱ्यावर बसून ती बोटानं दातांना मशेरी लावत होती, तेव्हा मी विचारलं, "तंबाखू खाता?"

"छ्या! तंबाखू गडी खातात. आमी नुसती मशेरी लावतो रं."

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. पण 'हो' लिहिलं की आणखी दोन पानं भरावी लागायची. मी 'नाही'वर खूण केली.

तोंडतपासणीला फक्त 'हो'वाल्यांना बोलावलं. मावशीनं तंबाखूचं पान खाणाऱ्या शेजारणींना हाताला धरून आणलं आणि स्वतः बाहेर त्यांच्या पिशव्या सांभाळत बसली. "माजं नाव नाय ना यादीत!"

आता तिच्या गालात गाठ आहे. गरम चहा तिला सोसत नाही. मला मात्र देते. "तुज्या कागदात तर मी चांगली होते रं," म्हणते.

तिला खरं सांगणं अजून माझ्याकडे बाकी आहे.