आबा फ्लॅट बघायला आले

नऊ वर्षांत चौथं भाड्याचं घर सोडायची वेळ आली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मालकाच्या पोराचं लग्न ठरलेलं, त्याला जागा हवी होती. महिनाभरात बाहेर पडा, म्हणाला. रोज संध्याकाळी मी आणि नवरा गाडीवर टांग टाकून राजारामपुरीच्या गल्ल्या पालथ्या घालायचो. नवं काही परवडणारं नव्हतंच. जुनं मिळालं की कागद नसायचे, कागद असले की उजेड नसायचा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!

मग क्लासेसच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट दिसला. तीसेक वर्षांचा जुना, लिफ्ट नाही. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, एकट्या; जिने चढवेनात म्हणून लेकीकडं निघालेल्या. स्वयंपाकघरात ऊन थेट ओट्यावर आलेलं. मी तिथं जी उभी राहिले ती हलेचना. किंमतही आम्हाला जमणारी होती. "विचार करून कळवा," बाई म्हणाल्या. तेवढ्यात दुसऱ्या कुणाला देऊन टाकला तर? चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

तरी इसार द्यायच्या आधी वडीलधाऱ्यानं बघायचं, ही आमच्यातली रीत. बिद्रीकडनं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलावलं. आबांचा जन्म म्हशी घेण्याविकण्यात गेलेला. दारातच सुरू झाले, "ह्यो जिना हाय का जोतिबाचा डोंगर?" मग भिंतीवर टकटक. "ओल हाय की!" मग न्हाणीत डोकावून, "फरशी पार गेलीया." मी डोळे वटारतेय, नवरा खोकतोय, आणि आबा आपले रंगात आलेले. शेवटी म्हणाले, "फुकट दिलं तरी इचार करावा लागंल बघा."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "माझा सगळा संसार इथं झालाय," त्या म्हणाल्या. "मला विकायचं नाही. या तुम्ही." आणि दार लावून घेतलं.

खाली गल्लीत मी आबांवर अशी बरसले की क्लासची पोरं वळून बघायला लागली.

"अगं पोरी, आवडलेल्या म्हशीचीच खोड काढत्यात," आबा गोंधळून म्हणाले. "नको त्या जनावराकडं कोण बघतंय बी?" चार पैसे कमी करून आपण लेकीचं भलंच केलं, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

"ती म्हैस नाही आबा, त्या बाईंचं घर आहे! वाटोळं केलंत माझं!" आणि भर रस्त्यात मला रडू फुटलं.

आबा वळले आणि गुडघ्यावर हात देत पुन्हा जिना चढायला लागले. थांबा म्हटलं तरी थांबेनात. मी मागोमाग धावले.

बाईंनी दार अर्धंच उघडलं. आबांनी डोक्यावरची टोपी काढली. "घर चांगलं हाय. लई चांगलं हाय," ते धापा टाकत म्हणाले. "मी बाजारात बोलतो तसं बोललो, चुकलं माझं." आणि हात जोडले. "पोरीला असलं घर मला देता आलं न्हाय. तुमी द्या."

कुणापुढं हात जोडलेले आबा मी जन्मात बघितले नव्हते. मला ते घरच नको झालं. "चला आबा," म्हणून मी त्यांचा दंड धरला. पण बाई तोवर कागदांची फाईल आणायला आत गेल्या होत्या.