भूकंपभाऊजींचं कोरं खोरं

भूकंपभाऊजी हे नाव त्यांना मेव्हणीने लग्नातच चिकटवलं आणि पुढे ऑफिसातही तेच रूढ झालं. त्यांचं कामच तसं होतं. मोजायची यंत्रं निघायच्या आधी जे भूकंप होऊन गेले, ते नेमके कुठे झाले आणि केवढे होते, हे आता खुर्चीत बसून ठरवायचं. यंत्र नाही म्हणून साक्षीदार धरायचे, तर साक्षीदार सगळे कधीच वर गेलेले. उरली त्यांची पत्रं आणि सरकारदरबारी केलेले अर्ज. कोणाच्या फळीवरची भांडी पडली, कोण झोपेतून उठून पळालं, कुठली भिंत तडकली, हे वाचून भाऊजी प्रत्येक गावाला तीव्रतेचा आकडा देत आणि तो नकाशावर मांडत. आकडे जिथे सगळ्यांत मोठे, तिथे भूकंपाचं केंद्र.

माणसं वाढवून सांगतात, ही भाऊजींची पक्की समजूत. त्यामुळे प्रत्येकाची काटछाट ठरलेली. वर्तमानपत्रवाल्याचं निम्मं धरायचं. कवीचं सोडूनच द्यायचं. कारकुनाने भिंत पडल्याचं लिहिलं तर ती पडली हे खरं, पण मुळात ती पडायलाच टेकली होती हे आपलं आपण समजून घ्यायचं. ही खोड घरीही सुटेना. एकदा मेव्हणी म्हणाली, "काल आम्ही हसून हसून घर डोक्यावर घेतलं." भाऊजींनी गंभीरपणे विचारलं, "भांडी पडली का?"

त्यांचा सगळ्यांत लाडका भूकंप पणजोबांच्या काळातला. बाजारपेठेच्या गावातून त्याच्याविषयी रग्गड लिहून आलं होतं. तिथल्या हेडमास्तरांनी तर भावाला पाठवलेल्या पत्रात नुसत्या सांडलेल्या दौतीवर एक पान खर्ची घातलं होतं. भाऊजींनी केंद्र बाजारपेठेखाली ठेवून दिलं. डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून मात्र एका ओळीची तक्रार नव्हती, म्हणून नकाशावर खोरं कोरं, म्हणजे निर्धोक. साहेबांनी पाठ थोपटली. नकाशा छपाईला निघाला आणि त्याच्याच भरवशावर भाऊजींनी खोऱ्यात जागा घेतली. बायकोचा सगळा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत गेला होता. आता पाया खणून झाला होता आणि स्वयंपाकघराची खिडकी कुठे हवी याबद्दल ती रोज मत बदलत होती.

अशात एके दिवशी दोघं मेव्हणीकडे जेवायला गेली. बायको सांगत होती, की वीज गेल्यावर ती लिफ्टमध्ये अंधारात एकटी कशी अडकली, ओरडून घसा कसा बसला, जीव कसा घाबरा झाला. मंडळी घास हातात धरून ऐकत होती. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "हिचं निम्मं धरा."

सगळे हसले. बायको हसली नाही.

त्यानंतर घरात चिडीचूप. चार दिवसांनी मेव्हणीचा फोन आला.

"भाऊजी, ताई रागावली असेल ना?"

"छे, तसं काही जाणवलं नाही. दार आपटलं नाही, भांडं वाजलं नाही. ताट वेळेवर समोर येतं."

"बोलते का पण तुमच्याशी?"

"तेवढं नाही."

"अहो, ताई थोडीशी चिडली की भांडी आपटते. फार लागलं की तिचा आवाजच बंद होतो. बाबा गेले तेव्हा कितीतरी दिवस तोंडातून शब्द नव्हता तिच्या. आणि तुम्ही म्हणता काही जाणवलं नाही?"

भाऊजींनी फोन ठेवला. बायकोला आपण किती दुखावलं ते कळलं आणि पाठोपाठ नकाशावरचं कोरं खोरं डोळ्यांपुढे आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. भूकंपाच्या आधीची कागदपत्रं काढली. खोऱ्यातली माणसं मुळीच मुखदुर्बळ नव्हती. रस्त्यासाठी अर्ज, पुलासाठी अर्ज. एका बकरीने कोणाची भाजी खाल्ली यावरून दोन घरांनी तर अधिकाऱ्याला वीट आणला होता. भूकंपानंतर मात्र एकही अर्ज नाही. बकरीचाही नाही. पुढे जमीनमोजणीवाल्याने त्या गावांपुढे एकच शब्द लिहिला होता: ओसाड.

भाऊजींना गलबलून आलं. ज्याची भिंत तडकते तो पत्र लिहितो. ज्याच्या अंगावर ती पडते तो काय लिहिणार? इतकी वर्षं याच कामात मुरलो आणि एवढं साधं कळू नये, याची त्यांना लाज वाटली.

"जाऊ द्या हो," साहेब म्हणाले. "कोण बघतंय? शिवाय तिथे तुमचं घर होतंय. केंद्राची लाल खूण तिथे केलीत तर बांधायची परवानगी जाईल."

"जाईल," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी केंद्र उचलून खोऱ्यात ठेवलं.

मग त्यांनी गवंड्याला काम थांबवायला सांगितलं, घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात मान खाली घालून उभे राहिले. "अगं, ते घर आता होणार नाही," असं म्हणून त्यांनी बकरीसकट सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "आणि लिफ्टचंही चुकलंच माझं." बायको आमटी ढवळत राहिली.

गवंडी मेव्हणीच्याच ओळखीतला, त्यामुळे लगेच तिचा फोन आला. बायकोने तो ओट्यावर ठेवून स्पीकरवर लावला.

"ताई, एवढं हौसेचं घर गं तुझं, गेलं की."

बायकोने गॅस बंद केला. "आमचं काय गेलं? आम्ही नुसती खिडकी ठरवत होतो," ती म्हणाली. "ते लोक राहत होते तिथे. घर त्यांचं गेलं."

भाऊजींना मान वर करवेना.

"आणि तुझ्या भाऊजींना सांग," बायको म्हणाली, "ताट वाढलंय."

भाऊजी तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. निरोप फोनवरून यायची वाट न बघता ते मुकाट्याने हात धुवायला गेले.