ताईंच्या आधी मी पेपर वाचत होतो

कुसुमताई मरगळे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला ‘ताईंचे सर्वांत जुने सहकारी’ म्हटले आहे. ते खरेच आहे. मात्र ताईंचा सर्वांत जास्त काळ हेवा केलेला माणूसही मीच आहे, हे मंडळाला ठाऊक नसावे.

आमची ओळख उरवड्याच्या कारखान्यात झाली. तिथे पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनत. मी पुण्याहून आलेला वाणिज्य पदवीधर, हिशेब विभागात नवा. ताई स्टोअरमध्ये मालाची आवक-जावक पाहत. घरी शेळ्या-मेंढ्या, थोडी भातशेती, शिक्षण सातवीपर्यंत. साहेबांच्या केबिनमधले उद्योग-व्यापाराचे पेपर शिळे झाले की माल गुंडाळायला स्टोअरमध्ये येत. एका दुपारी मी खाली गेलो, तर ताई एका बेअरिंगभोवतीचा कागद सोडवून, तळहाताने सपाट करून वाचत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी विचारले, “सायेब, घसारा म्हंजी काय वो?”

मी तासभर समजावले. मशीन झिजते, तशी कागदावरची तिची किंमतही दरवर्षी उतरवायची असते, वगैरे. पुढच्या काही महिन्यांत लाभांश, ताळेबंद, तळटीप असे बरेच शब्द त्यांनी माझ्याकडून घेतले. पुढे गुंतवणुकीच्या जाणकार म्हणून त्यांचे नाव झाल्यावर मी ही गोष्ट लग्नकार्यांत, बसथांब्यावर, जिथे जमेल तिथे सांगितली आहे. ताईंना पहिला शब्द मी शिकवला. दुसरे सांगण्यासारखे माझ्याकडे फारसे नव्हते.

त्याच सुमारास ताईंनी मला विचारले, “हे बेअरिंगवाले बाजारात हायेत का? शेअर मिळतो का त्यांचा?” मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, “सांगितल्या वारी माल येतोय. मोजून घ्यावा लागत न्हाई. खराब निघाला तर न भांडता बदलून देतात. बाकी समदे लई बोलतात.” मला हसू आले, पण मी चौकशी केली. कंपनी बाजारात होती. ताईंनी बोनसमधून थोडे शेअर घेतले, मीही घेतले. आठ महिन्यांत भाव चढला, मी विकून टाकले आणि सगळ्या विभागाला पेढे वाटले. ताईंनीही पेढा घेतला. त्यांचे शेअर आजही त्यांच्याकडे आहेत. ते वाढले, त्यांचे आणखी शेअर झाले, आणि त्यांच्या लाभांशावर ताईंचे घर चालते. इतकी वर्षे पेपरात त्या कंपनीचे नाव दिसले की मी पान उलटतो.

ताईंवर लिहिणारे हटकून लिहितात की, शेळ्या राखता राखता त्या संयम शिकल्या. ताईंना हे मुळीच आवडत नाही. “शेळ्या राखून शेअर कळलं असतं तर आमची समदी भावकी बंगल्यात असती,” असे त्या म्हणतात. त्या शिकल्या त्या वाचून, आणि वाचलेले तपासून. बातमी कापायची, तिच्या कडेला पेन्सिलीने दोन प्रश्न लिहायचे – हे कोण सांगतंय, आणि ते खरं वाटलं तर कुणाचा फायदा – आणि वर्षाने ते कात्रण पुन्हा काढून पाहायचे, ही त्यांची पद्धत. निवृत्तीनंतर पिरंगुटच्या शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी रविवारचे वाचन सुरू केले. जमिनी विकून हातात पैसा आलेले शेतकरी, कारखान्यातले कामगार, दोन-तीन शिक्षिका, असे पंचवीस-तीस लोक सकाळी जमतात. कुठला शेअर घ्या, हे ताई कधीच सांगत नाहीत. एक बातमी वाचतात आणि तिच्यातून काय कळले, काय कळले नाही, ते विचारतात.

एकदा एका कंपनीला प्रचंड मोठी ऑर्डर मिळाल्याची बातमी होती. मी तिचे शेअर आधीच घेतले होते आणि ते सर्वांना सांगूनही झाले होते. ताईंनी बातमी शेवटपर्यंत वाचायला लावली. शेवटच्या ओळीत ऑर्डर देणाऱ्याचे नाव होते. ती त्याच मालकाची दुसरी कंपनी निघाली. लोक माझ्याकडे पाहू लागले. ताई पटकन म्हणाल्या, “शेवटपातूर वाचायचं मला ह्या सायेबांनीच शिकवलंय.” त्यांनी मला वाचवले. मला ते थोबाडीत मारल्यासारखे लागले.

माझी मुलगी बावधनला राहते, हिंजवडीत नोकरी करते. पहिल्या पगारापासून ती गुंतवणुकीचे ताईंना विचारत आली, हे मला पाच वर्षांनी कळले. “बाबा, तुम्ही लगेच रागावता. ताई आधी ऐकून घेतात,” ती म्हणाली. ताईंनी तिला प्रत्येक वेळी ‘बाबांनाबी इच्यार’ असे बजावले होते. तिने विचारले नाही, हा ताईंचा दोष नव्हे. पण त्या दिवसापासून माझे डोके ठिकाणावर राहिले नाही.

आता जे लिहितो आहे ते गौरवग्रंथात शोभणारे नाही. काही वर्षांपूर्वी बाजार सलग तीन आठवडे कोसळत होता. ताई रविवारी एवढेच सांगत होत्या की, ज्याला लगेच पैसे लागणार नाहीत त्याने घाई करू नये. त्या आठवड्यात मी ताईंना पिरंगुटच्या ब्रोकरच्या ऑफिसातून बाहेर पडताना पाहिले. त्या वारसाचे नाव बदलायला गेल्या होत्या, हे मला नंतर कळले. मी विचारलेच नाही. रविवारच्या वाचनाला येणारे नामदेवराव पेठेत भेटले, त्यांना म्हणालो, “ताईंनी पोर्टफोलिओ पूर्ण रिकामा केला. आपल्याला थांबायला सांगतात आणि स्वतः निघाल्या.” संध्याकाळपर्यंत माझे बोलणे उरवड्यात पोहोचले होते.

नामदेवरावांनी जमिनीच्या पैशांतले काही नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी शेअरमध्ये ठेवले होते. त्यांनी सगळे विकले. आणखी दोघांनी विकले. पुढच्या रविवारी व्हरांड्यात कुजबुज होती. ताईंना कुणीतरी तोंडावर विचारले. त्या उठल्या. घरी गेल्या, आपल्या शेअर्सची यादी छापलेला कागद घेऊन आल्या आणि तो हातोहाती फिरवला. एकही शेअर विकलेला नव्हता. आमच्याकडे बायका अंगावरच्या दागिन्याची किंमतही सांगत नाहीत. ताईंकडे किती आहे ते त्या दिवशी साऱ्या गावाला कळले, आणि त्यानंतर कोण कोण मागायला येऊन बसले, ते त्यांनाच ठाऊक. ही बातमी कुणी सोडली, असे त्यांनी विचारले नाही. कागद माझ्याही हातात आला. मी तो पुढे दिला.

बाजार वर्षभरात सावरला. नामदेवरावांनी नातीच्या फीसाठी घरातली पुढची खोली कामगारांना भाड्याने दिली आणि स्वतः पडवीत झोपू लागले. मी त्या रस्त्याने जाणे सोडले.

लेखाचे पत्र आले तेव्हा पत्नी म्हणाली, “खोटं लिहिणार असाल तर लिहूच नका.” म्हणून आधी नामदेवरावांकडे गेलो. ती बातमी मी ताईंना न विचारता, मनानेच सांगितली होती, हे कबूल केले. ते म्हणाले, “ताई थांब म्हनत व्हत्या. मी तुमचं ऐकलं, तुमी शिकलेलं म्हनून.” त्यांनी चहा विचारला नाही. तेच योग्य होते.

तिथून ताईंकडे गेलो. सगळे सांगितले. त्या शेंगा निवडत होत्या, हात थांबला नाही.

“मला त्याच दिशी कळलं हुतं,” त्या म्हणाल्या.

“कसं?”

“पोर्टफोलिओ असं हितं तुमच्याबिगर कोन म्हनतंय?”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“बोलले असते तर तुमी रविवारी आला नसता.” मूठभर शेंगा पुढे ओढून त्या म्हणाल्या, “मला राग न्हाई आला असं न्हाई. लई आला. नामदेवाचा संसार हाय तो. पर तुमी येत ऱ्हायलात. येतुया मानूस तंवर सुधरंल म्हनलं.”

मला क्षमा केली की नाही, ते त्यांनी सांगितले नाही. उठताना म्हणाल्या, “डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. बारीक अक्षर दिसत न्हाई. आपरेशन हुईपर्यंत सकाळी येऊन वाचून दाखवाल का?”

गेला महिनाभर मी रोज जातो. वार्षिक अहवालाच्या तळटिपा मोठ्याने वाचतो. माझे वाक्य पूर्ण होण्याआधी ताईंना त्यातली मेख कळते, आणि मी पुढची ओळ मुद्दाम घाईने वाचतो. हेवा संपला असे इथे लिहिले तर ते ताईंना लगेच कळेल.

ताईंची शस्त्रक्रिया नीट पार पडो. त्यांना स्वच्छ दृष्टी, बळकट गुडघे आणि शंभरीपलीकडचे आयुष्य लाभो. माझ्या हातातला कागद काढून घेऊन त्या स्वतः वाचू लागतील तो दिवस लवकर येवो, आणि त्या दिवशीही त्यांनी मला समोर बसू द्यावे.